मोहाच्या दिवसांतली चार टेबलं

मोह पडायला लागला की मला पत्ते वाटल्याचा आवाज ऐकू येतो. हे वाचून कोणी म्हणेल, बाईला मोहाची चढलेली दिसते. तसं काही नाही. मोहाचं फूल झाडावरून सुटतं आणि खालच्या वाळल्या पानावर पडतं, तेव्हा एक बारीक, ओलसर 'टप' होतो. संगणकावरच्या पोकरच्या टेबलावर आपल्यापुढे दोन पत्ते येऊन पडतात, तेव्हाही जवळजवळ तसाच आवाज येतो. तो खेळ बनवणाऱ्यानं मोहाचं झाड पाहिलं असण्याची काही शक्यता नाही. पण एका मार्च महिन्यात हे दोन आवाज माझ्या कानात असे काही मिसळले की आता नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, पहाटे नळाचा थेंब बादलीत पडला तरी मी आधी खिडकीकडे पाहते. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी असते, आणि ती टाकीच आहे याची खात्री झाल्यावर मी चहा ठेवते.

परवा बाजारात एका बाईनं फडक्यावर मोहफुलं मांडली होती. पिवळट, फुगीर, अजून ओली. मी ओंजळभर घेतली आणि घरी येईपर्यंत पिशवीतली पालक, कोथिंबीर, पर्स, सगळं मोहानं माखलं. माय माझ्याकडेच असते आता. मोतीबिंदूनं डोळे अधू झाले आहेत, पण नाक शाबूत आहे. मी दार उघडलं तशी आतल्या खोलीतून म्हणाली, "यंदा लवकर पडून राह्यला." मी फुलं तिच्या ओंजळीत ओतली.

आमचं घर राजुऱ्याच्या पुढे, गावाच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. मागच्या अंगणाला काट्यांचं कुंपण, कुंपणापलीकडे एक लांबट शेत, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं आणि झाडांच्या पाठीला जंगल. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. गावात मोजक्या घरी फोन असतानाच्या काळात आमच्या घरी फोन होता, आणि त्यासाठी लागणारे खांब बाबांनी इतके नीट पुरून घेतले होते की वादळात शाळेचे पत्रे उडायचे, पण आमची तार हलायची नाही. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. खांबावर चढताना कमरेला बांधायचा त्यांचा चामडी पट्टा मधल्या खोलीत खिळ्याला तसाच लटकत होता. मायनं तो काढू दिला नाही.

दोन हजार सात-आठच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत नवी नवी शिक्षिका होते. कोळशाच्या ट्रकांनी ज्या रस्त्याची चाळण केली होती, त्याच रस्त्यावर माझी स्कूटर एका खड्ड्यात गेली आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. नवरा, सुधीर, हैदराबादला नोकरीला. सासरी करणारं कोणी नाही, म्हणून मी माहेरी. एका शनिवारी सुधीर आला, बाबांच्या फोनच्या तारेवर इंटरनेटचं कनेक्शन लावून घेतलं, आपला जुना लॅपटॉप माझ्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवला आणि जाताना मला पोकर शिकवून गेला. संध्याकाळी तो तिकडून आणि मी इकडून एकाच टेबलावर बसायचो. काही नवरा-बायको एकत्र मालिका बघतात, तसं आमचं हे चालायचं. चिप्स फुकटच्या. हरलं तर कंपनी पुन्हा भरून द्यायची.

मायला हे सुरुवातीला मुळीच पटलं नाही.

"पत्ते खेळून राह्यली? मास्तरीण असून?"

"पैशाचे नाईत माय. खोटे हायेत."

"मंग तं अजूनच येडेपणा," ती म्हणाली, आणि माझ्या प्लास्टरवर टेकवलेली पत्रावळ्यांची चळत उचलून घेऊन गेली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी उघडे पत्ते, आणि दर फेरीला चिप्स लावायच्या किंवा पत्ते टाकून देऊन गप्प बसायचं. खेळातली बहुतेक अक्कल गप्प बसण्यात असते. आलेल्या पत्त्यांपैकी बहुतेक पत्ते टाकून द्यायच्याच लायकीचे असतात. पण एकाच टेबलावर बसलं की माणसाला टाकून टाकून कंटाळा येतो आणि मग तो भिकार पत्त्यांवरही लढायला उठतो. मी तर जन्माची उतावळी. म्हणून सुधीरनं सांगितलं, दुसरं टेबल उघड. इथे वाट बघायची वेळ आली की तिथे काहीतरी चाललेलं असेल.

दोन टेबलं मला कधीच जमली नाहीत. दोन सुनांच्या सासूसारखी गत होते. एकीकडे बघितलं की दुसरीकडे काय शिजतंय याचीच चिंता. तिसरं उघडलं तेव्हा गोंधळ वाढला. पण एके सकाळी हट्टानं चौथं उघडलं आणि विचित्र काहीतरी झालं. गोंधळ थांबला. पडद्यावर चार चौकोन, प्रत्येकात हिरवं टेबल, टेबलाभोवती गोल बसलेली नावं, आणि माझी नजर कुठल्याच चौकोनात नव्हती. ती सैल होऊन सगळ्यावर पसरली होती. मी कोणाकडेच पाहत नव्हते आणि हलणारी प्रत्येक गोष्ट मला दिसत होती. कोण नेहमी झटकन पत्ते टाकतो आणि आज थांबला आहे, कुठे कोणाचा श्वास अडकलाय, हे मला पत्त्यांच्या आधी कळायला लागलं.

तेव्हापासून मी माझे नियम बनवले. एखाद्या माणसात शिरायचं असेल तर एकच टेबल. एकाच्या नावापुढे दीपगृहाचं चित्र होतं, तो अमेरिकेतल्या कुठल्याशा किनाऱ्यावर राहणारा म्हातारा असणार आणि त्याची बायको नुकतीच गेली असणार, हे मी त्याच्या पत्ते टाकण्याच्या पद्धतीवरून ठरवून टाकलं होतं. अशा कल्पना करायला एक टेबल बरं. पण हात शिवशिवायला लागले, आपल्याच मनाचा भरवसा वाटेनासा झाला, की चार. आणि चारांवर खेळताना डाव्या हाताच्या माणसानं मघाशी काय केलं ते आठवेनासं झालं, तर उठायचं. मला उठता येत नव्हतं, म्हणून लॅपटॉप मिटायचा.

मी पहाटेही खेळायचे, एकटी. आपल्याकडे तांबडं फुटतं तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते आणि टेबलं भरलेली असतात. तुमच्या दारात अजून अंधार आणि पडद्यावर परक्या देशातली जेवून-खाऊन बसलेली माणसं. त्यांत काही खुर्च्यांवर फिकट पडलेली नावं असायची. म्हणजे माणूस खुर्ची न सोडता निघून गेलेला. त्याच्यापुढे पत्ते पडत राहतात, त्याची पाळी येते, वेळेची पट्टी आखडत आखडत संपते आणि पत्ते आपोआप निघून जातात. कधी कधी एका टेबलावर अशीच नावं जास्त व्हायची. मला ते टेबल बंद करायचा धीर व्हायचा नाही आणि तिथे बसवायचंही नाही.

चार टेबलांवरची ती सैल नजर पडद्यापुरती राहिली नाही, हे मी सुधीरला लगेच सांगितलं नाही. खेळायला बसलं की मला खोलीच्या कडा दिसायला लागायच्या. कॅलेंडरच्या मागची पाल हलायच्या आधी मला ती हलणार हे कळायचं. दारातून दिसणारा, मधल्या खोलीतला बाबांचा पट्टा खिळ्यावर किंचित फिरायचा, वारा नसताना. स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी उभं आहे असं वाटायचं आणि मान वळवली की दार रिकामं. मान नाही वळवली तर मात्र ते तिथेच असायचं, अगदी निवांत, जणू माझ्या चारही टेबलांवर त्याचं लक्ष आहे. मला त्याची भीती वाटायची का? सुरुवातीला वाटली. मग मी मान वळवायचं सोडून दिलं.

त्याच दिवसांत मोह सुरू झाला. झाडांखालचा पाला जाळून बायकांनी जागा साफ केली, आणि सगळ्या परिसराला राखेचा आणि गोडाचा असा एकत्र वास यायला लागला की भूक लागावी आणि मळमळावंही. आमच्या वाट्याची चार झाडं. पलीकडची सोमीबाईची. सोमीबाई म्हणजे जंगलाकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहणारी गोंड बाई, मायची पंचवीस वर्षांची मैत्रीण. दोघी आणि गावातल्या आणखी दोघी झुंजूमुंजू व्हायला निघायच्या, टोपली कमरेला लावून वाकायच्या आणि ऊन चढेपर्यंत वाकलेल्याच असायच्या.

आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या गावच्या एका बाईला वाघानं नेलं. मोह वेचताना. आमच्याकडे त्या दिवसांत त्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात, मीही तेव्हा तसंच म्हणायचे. वाकून वेचणारं माणूस त्याला माणूस वाटत नाही, ते चार पायांचं काहीतरी वाटतं. उभं राहिलं की तो बिचकतो, असं वनखात्याचा गार्ड जीपमधून भोंग्यावर सांगत फिरला. "माय-बहिणींनो, चार दिवस मोहाले जाऊ नका!" बायकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मायनं टोपली उचलली.

मी खूप भांडले. पाय धड असता तर दारात आडवी झाले असते.

"झाडानं टाकलं ते उचलाच लागते, रंजू," माय म्हणाली. "नाई उचललं तं पुढच्या साली झाड आपल्याले ओळखत नाई."

"आन तुले काई झालं मंग? झाड ओळखून काय करीन?"

"तू हायेस ना खिडकीत. पाह्यत राह्य."

असं म्हणून ती गेली, आणि माझी आई जिवंत परत येणं न येणं हे माझ्या बघण्यावर येऊन पडलं. माझ्या खाटेला लागून खिडकी, खिडकीतून सरळ धुरा दिसायचा. झाडं हाकेच्या अंतरावर.

पहिल्या सकाळी मी लॅपटॉपला हात लावला नाही. नुसती खिडकीकडे बघत बसले, डोळे फाडून. थोड्याच वेळात प्रत्येक झुडपात मला तो दिसायला लागला. एक वाळलेला बुंधा तर इतका वेळ माझ्याकडे बघत होता की मी त्याच्यावरून नजर काढेना. आणि त्या बुंध्याशी नजरानजर चालू असताना माय पहिल्या झाडाखालून तिसऱ्या झाडाखाली कधी गेली, ते मला कळलंच नाही. आई एवढी सरकली आणि तिच्यासाठीच जागलेल्या मला ते दिसलं नाही, याची मला धडकी भरली.

दुसऱ्या सकाळी मन शांत करायला एक टेबल उघडलं. ते तर अजून वाईट. दीपगृहवाला म्हातारा काहीतरी मोठं घेऊन बसला होता. मी त्याच्या पत्त्यांत शिरले, आणि बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं आणि बायका अंगणात येऊन टोपल्या उतरवत होत्या.

तिसऱ्या सकाळी मी चार टेबलं लावली. लॅपटॉप खिडकीच्या चौकटीला टेकवून असा ठेवला की चार चौकोन खाली आणि धुरा वर. आणि नजर सैल सोडली. बायका, झाडं, धूर, पत्ते, सगळं एकाच पातळीवर आलं. मी मायकडे पाहत नव्हते, म्हणून मला ती सतत दिसत होती. त्या रात्री मी सुधीरला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "रंजू, तू तिकडे आई राखून राहिली का खेळून राहिली?" मी म्हटलं, दोन्ही, आणि हे एकट्यानं होत नाही, दोन्ही मिळूनच होतं. तो हसला. मला राग आला, कारण मी अजिबात गंमत करत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जंगलात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो; जे माणूस नाही ते तिसऱ्यांदा मारत नाही. आणि एका दमात 'माय, माय, माय' केलं तर ती एकच हाक धरतात. मध्ये श्वास घ्यावा लागतो, थांबावं लागतं. तोवर मान वर करायची नाही, आवाजाच्या दिशेला बघायचं नाही. माय अजूनही हे पाळते. नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, जेवायला बोलावलं तरी. पहिल्या दोन हाका भिंतीला मारल्यासारख्या जातात आणि तिसरीला आतून निवांत 'ओ' येतो. माझ्या मुलीला वाटतं, आजीला ऐकू कमी येतं. मी तिला तसंच वाटू देते.

चौथ्या सकाळी धुकं होतं, मार्च असूनही. नाल्याच्या बाजूनं आलेलं, कमरेइतकं. त्यात जळक्या पाल्याचा धूर. बायकांचे पाय दिसत नव्हते, नुसत्या वाकलेल्या पाठी धुक्यावर तरंगत होत्या. वेचणाऱ्या पाठीला एक ताल असतो. हात खाली, हात टोपलीत, मग अर्धं पाऊल. मी तिसऱ्या टेबलावर दोन राण्या धरून बसले होते, तोंडात बिस्किट होतं, आणि मन कुठेच नव्हतं. पहिल्या टेबलावर एका फिकट नावाची पट्टी आखडत चालली होती. आणि मला जाणवलं की धुऱ्यावर एक पाठ हलत नाहीये.

मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज पडली नाही. चार पाठी तालात होत्या आणि पाचवी तालात नव्हती. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मध्ये होती, मायच्या मागे, धुक्यावर बाकीच्यांइतकीच वर आलेली, आणि फुलं तिच्यावर पडली तरी ती झटकत नव्हती. रंग दिसत नव्हता. पट्टे वगैरे मला काही दिसले नाहीत. मला फक्त तिचं थांबणं दिसलं. मग ती पाठ किंचित खाली गेली.

बिस्किट घशात गेलं. मी खिडकीचा गज धरला आणि ओरडले, "माय!"

कोणी मान वर केली नाही. मला माहीत होतं करणार नाहीत. मीही लहानपणी त्याच धुऱ्यावर तशीच मान खाली घालून राहिलेली आहे. आपल्या लोकांनी आपल्याला वाचवायला घालून दिलेली ती रीत आता माझ्या आईच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबत होती. मी एका दमात शंभर हाका मारल्या असत्या तरी ती एकच झाली असती. थांबणं भाग होतं. खाली चारही टेबलांवर माझी पाळी आली होती, चारही पट्ट्या आखडत होत्या, चारही टेबलं टीक टीक करत होती. धुऱ्यावर फुलं पडत होती. पाचवी पाठ मायच्या दिशेनं थोडी सरकलेली होती, आणि ती सरकताना मला दिसली नव्हती.

मी श्वास घेतला आणि दुसरी हाक मारली. "माय गं!"

आणि माय उठली.

ताठ उभी राहिली, कमरेवर हात, टोपली सांभाळत, खिडकीकडे वळली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "ओ—!" तिच्या पाठोपाठ सोमीबाई उठली, मग बाकी दोघी. चार बायका धुक्यातून छातीइतक्या वर आल्या. पाचवं कोणी उठलं नाही. जिथे ती पाठ होती तिथे धुकं होतं, नुसतं धुकं, आणि ते हळूहळू भरून येत होतं.

"घरी या! सगळ्या! एकत्र!" मी किंचाळत होते. एकमेकींना खांदा लावून, टोपल्या थापटत, पाठ न दाखवता त्या शेतातून मागे मागे येत राहिल्या. त्या कुंपणाच्या आत आल्यावर मी पडद्याकडे पाहिलं. चारही टेबलांवर माझे पत्ते निघून गेले होते आणि माझं नाव फिकट झालं होतं. राण्याही गेल्या.

ऊन आल्यावर गार्ड आणि गावची माणसं तिथे जाऊन आली. ओल्या राखेत पंजा उमटलेला होता, मायच्या अनवाणी पावलांवरच, तिच्या टाचेवर टाच. गार्ड म्हणाला, मादी असावी. म्हणाला, नशीब बाई उभी राहिली.

बायका अंगणात बसून चहा पीत होत्या. सोमीबाई नेहमीपेक्षा जास्तच बोलत होती. "मले वास आल्ता, बाई. मले वाटलं डुक्कर असन. डुकराले कोण भेते!" माय मात्र टोपलीतल्या मोहातल्या काड्या निवडत होती. तिनं टोपली कुठेही टाकलेली नव्हती. तिच्याकडे बघून मला रडू येत होतं आणि चीडही येत होती, आणि त्या दोन्हींच्या मध्येच मला ती गोष्ट लक्षात आली.

"माय," मी म्हटलं, "तू दुसऱ्याच हाकेले काऊन उठली?"

"दुसरी कुठली? तिसरी होती ते."

"मी दोनच मारल्या."

माय काड्या निवडत राहिली. "पह्यली तू मारली तवा मी दुसऱ्या झाडाखाली होती. मंग थांबली तू. बराच वेळ थांबली. मंग अजून दोन मारल्या. तिसरीले मी उठली."

"मी नाई मारली माय. तू दुसऱ्या झाडाखाली होती तवा मी खेळून राह्यली होती. माह्या तोंडात बिस्किट होतं."

"तुयाच आवाज होता," माय म्हणाली. "मले काय तुया आवाज ओळखू येत नाई?"

मी सोमीबाईकडे पाहिलं. तिनं बशी खाली ठेवली आणि तीन बोटं वर केली.

मी नंतर यावर खूप विचार केला आहे. शिकलेली आहे, शिकवते, त्यामुळे विचार करणं मला भागच आहे. असंही असेल की त्या सैल नजरेला ती पाठ मला कळायच्या आधीच दिसली आणि माझ्या घशानं माझ्या नकळत हाक मारली. चार टेबलं खेळणाऱ्याला आपण काय केलं ते नेहमीच आठवतं असं नाही. सुधीरला हे पटतं. तो फोनवर लगेच म्हणाला, "तूच मारली असशील, रंजू. तुला भान नव्हतं." पण बिस्किटानं भरलेल्या तोंडातून 'माय' असं स्पष्ट कसं निघालं, आणि मी बराच वेळ थांबले असं माय म्हणते तो वेळ माझ्याकडून कुठे गेला? मला त्या दिवशी वाघाची वाटली नसेल एवढी भीती त्या एका हाकेची वाटली. आणि सांगायला संकोच वाटतो, पण तिचे उपकारही वाटले. ती नसती तर माय दोन हाकांवर खालीच राहिली असती, आणि तिसरीला कदाचित वेळच उरला नसता. जी हाक माणसाची नाही असं समजून आपण पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालत आलो, तिनंच माझी मोजणी पुरी केली. आमच्याकडची जी रीत आहे, तिच्यात याला जागाच नाही. असं काही झालं तर काय म्हणायचं, कोणाला नारळ द्यायचा, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीच धुऱ्यावर गेलं नाही. फुलं पडत राहिली. मी खिडकीतून ऐकत होते. माय दिवसभर अंगणात येरझारा घालत होती, घरात पाहुणे ताटकळत बसलेले असावेत आणि वाढायला कोणी नसावं तशी तिची घालमेल चालली होती. संध्याकाळी गार्ड सांगून गेला की ती मादी नाला ओलांडून लांब गेली, पावलं सापडली. पण सांभाळून राहा.

पहाटे जाग आली तर माय माझ्या खाटेपाशी उभी, डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेला टोपली. सोमीबाई कुंपणाशी थांबलेली दिसत होती. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. मी उशी पाठीला घेतली, खिडकी पूर्ण उघडली आणि लॅपटॉप बाजूला सारला.

"हे काऊन ठेवलं?" मायनं विचारलं.

"आज नाई खेळत. आज नुसती तुयाकडं पाहतो."

"नुसतं पाह्यलं का तुले झुडपं दिसतेत," ती म्हणाली. मी तिला त्या बुंध्याबद्दल कधी सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतः लॅपटॉप उचलून चौकटीला टेकवला, मी ठेवायचे तसाच, थोडा तिरपा. "लाव तुये टेबलं. चारही लाव."

मी लॅपटॉप सुरू केला. ती जायला वळली, उंबऱ्यावर थांबली. माझ्याकडे न बघता, मधल्या खोलीच्या अंधाराकडे बघत, अगदी हळू, पण आत कोणी असेल तर त्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आन रंजू, आज हाका तिन्ही तूच मारजो. दोनवर मी उठणार नाई."

मी हो म्हटलं. एकेक करून टेबलं उघडली. चौथं उघडेपर्यंत ती पहिल्या झाडाखाली पोचून वाकली होती.